जुन्या डिझेल गाडीत क्लच किट आणि फ्लायव्हील एकत्रच बदललं, पैसे वसूल झाले का?

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांना खालचं सगळं वाचत बसायला नको. क्लच किट चांगलं आहे, फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला बसणारी जड चकती, क्लच तिच्यावरच बसतो) एकदम मस्त आहे, सोबत बोल्ट न देणं हा निव्वळ चिंधीपणा आहे, आणि गॅरेजवाल्यांनी काम नीट केलं पण फोन उचलायच्या बाबतीत भोपळा. पाचपैकी चार देतो. आता ज्यांच्या गाडीचा क्लच संपत आलाय आणि मिस्त्री म्हणतोय की दादा फ्लायव्हीलपण गेलंय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं, कारण डोकं फिरतं ते तिथंच.

गाडी जुनी आहे, चार सिलिंडर टर्बो डिझेल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, आणि क्लच अजून कंपनीतून आला तोच होता. क्लच किती चालेल याला तसा काही नियम नाही, एखाद्याचा लाखाच्या आत आटपतो आणि एखाद्याचा दोन लाख किलोमीटर झाले तरी ठणठणीत असतो, सगळं पायावर आणि ट्रॅफिकवर आहे. माझ्या गाडीत आधी पेडल वर आलं, म्हणजे पाय जवळपास पूर्ण सोडल्यावर गाडी उचलायची. मग चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि स्पीड मात्र आहे तिथंच, आणि वर पोचल्यावर तो जळका वास, ज्याला एकदा आलाय तो विसरत नाही. इथवर सरळ होतं, क्लच प्लेट संपली, बदला, विषय संपला.

पण मला स्लिपपेक्षा त्रास होता आवाजाचा. गाडी बंद करताना खालून धाड करून एक ठोका यायचा, सुरू करताना पण तसाच, आणि आयडलला उभी असली की खडखड चालू, एसी लावला की जास्त. यावर जो तो वेगळं सांगतो, कोणी म्हणतं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते, कोणी म्हणतं गिअरबॉक्सचं बेअरिंग, कोणी म्हणतं डिझेल आहे आवाज असणारच. मोटामोटी अंदाज असा लावतात: क्लच दाबल्यावर जर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवतं त्या बेअरिंगवर संशय, क्लच दाबल्यावर खडखड थांबत असेल तर ती गिअरबॉक्सच्या आतून येतेय कारण क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबला, आणि बंद-चालू करताना धाडकन ठोका असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील. अंदाज म्हणतोय हां, शंभर टक्के खात्री गिअरबॉक्स खाली आल्यावरच. माउंटिंग फुटलेलं असलं तरी गाडी बंद करताना ठोका येतो, त्यामुळे ते आधी बघून घ्या, ते बघायला काही खोलावं लागत नाही.

हे ड्युअल मास प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं नाही तर साधं फ्लायव्हील बसवायचा मोह होतो. डिझेल इंजिन गुळगुळीत फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर फायर झाला की क्रँकला झटका बसतो, चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे दोन झटके. हे झटके तसेच गिअरबॉक्समध्ये गेले की आतले गिअर एकमेकांवर आपटून वाजतात. म्हणून फ्लायव्हीलचे दोन भाग केले, एक क्रँकला बोल्टने बसतो आणि त्यावरच स्टार्टरची रिंग असते, दुसऱ्यावर क्लच बसतो, आणि दोघांच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडवलेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. झटका स्प्रिंग खाते, गिअरबॉक्सला शांतता मिळते. १९८५ मध्ये लूक कंपनीनं हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गाड्यांसाठी बनवायला घेतलं, आणि आता तर टर्बो डिझेल मॅन्युअल म्हटलं की बहुतेक वेळा हेच असतं. तोटा एकच, ते झिजतं. स्प्रिंगा ढिल्या होतात, ग्रीस गरम होऊन बाहेर पडतं, मग दोन्ही भाग एकमेकांवर आपटायला लागतात. साधं फ्लायव्हील म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा, त्यात आवाज करण्यासारखं काही नाहीच.

आता खरेदी. माझ्यापुढे तीन रस्ते होते. पहिला, फक्त क्लच किट घ्यायचं आणि फ्लायव्हील आहे ते राहू द्यायचं, सगळ्यात स्वस्त. दुसरा, क्लच आणि ड्युअल मास दोन्ही नवीन, सगळ्यात महाग, आणि इथं फ्लायव्हील एकटंच क्लच किटपेक्षा महाग पडतं. तिसरा, साध्या फ्लायव्हीलचं कन्व्हर्जन किट. व्हॅलिओसारख्या मोठ्या कंपन्यासुद्धा असा चार भागांचा सेट विकतात, म्हणजे सॉलिड फ्लायव्हील, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट, बेअरिंग, आणि मधे स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट. ही स्प्रिंगवाली प्लेट महत्त्वाची आहे बरं का, ड्युअल मासवाल्या गाडीची प्लेट बऱ्याचदा मधून सपाट असते कारण झटका खायचं काम फ्लायव्हील करतं, ती सपाट प्लेट साध्या फ्लायव्हीलवर लावली की झटका खाणारं कोणीच उरत नाही आणि गिअरबॉक्स बोंबलतो. कन्व्हर्जन वाईट असतं असं मी म्हणत नाही, टॅक्सीत किंवा मालवाहू गाडीत लोक लावतात आणि खुश असतात, पण आयडलला थोडा खडखडाट आणि कमी आरपीएमला थरथर ही त्याची किंमत आहे, आणि मला तर आवाजच घालवायचा होता. त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बाद.

राहिला प्रश्न पहिला की दुसरा. माझं म्हणणं असं होतं की मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. फ्लायव्हील झिजलंय की नाही हे नुसतं बघून कळत नाही, ते मोजायचं असतं. दुसरा भाग हातानं दोन्ही बाजूंना फिरवायचा, जिथं स्प्रिंगचा जोर लागतो तिथपर्यंत तो किती मोकळा फिरतो ते बघायचं, आणि मग आडवा हलवून किती डुगडुगतो ते बघायचं. प्रत्येक मॉडेलला याची मर्यादा वेगळी असते आणि बनवणाऱ्या कंपनीच्या चार्टमध्ये ती दिलेली असते, मोकळी हालचाल रिंगच्या दात्यांमध्ये किंवा अंशात आणि डुगडुग मिलिमीटरमध्ये. गॅरेजवाल्याला मी आधीच विचारलं की चार्ट आहे का, आणि हो म्हणाला म्हणूनच त्याच्याकडे गाडी दिली. आधी जिथं विचारलं होतं तिथला मिस्त्री म्हणाला अहो त्याला काय मोजायचं, हातात घेतलं की कळतं, आणि लेथवर फेसिंग मारून देतो परत नव्यासारखं होईल. साध्या फ्लायव्हीलला फेसिंग मारतात ते ठीक, ड्युअल मासला बनवणारे सहसा नको म्हणतात, आणि वरचा पृष्ठभाग चकचकीत करून आतल्या स्प्रिंगा कुठं नव्या होणारेत?

किट मी मूळ गाडीत ज्या सप्लायरचा क्लच होता त्याचंच घेतलं. लूक, साक्स, व्हॅलिओ, एक्सेडी ही या धंद्यातली जुनी नावं आहेत, तुमच्या गाडीत कंपनीनं यापैकी कोणाचं लावलंय ते जुन्या पार्टवर कोरलेलं किंवा छापलेलं सापडतं. नंबर मात्र गाडीच्या नावावरून शोधू नका, इंजिन कोड आणि चेसिस नंबरवरून शोधा, एकाच मॉडेलमध्ये वर्ष मधेच बदललं की प्लेटचा व्यास किंवा स्प्लाइनचे, म्हणजे प्लेट शाफ्टवर ज्या खाचांनी बसते त्यांचे दाते बदललेले असतात. आणि फ्लायव्हील आणि क्लच शक्यतो एकाच कंपनीचे घ्या म्हणजे उंची जुळायची भानगड नको.

बॉक्स उघडला तेव्हा पहिलं इंप्रेशन भारी. प्लेट प्लास्टिकमध्ये, प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर, हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग म्हणजे ज्याच्यात स्लेव्ह सिलिंडर आणि बेअरिंग एकच असतं ते, आणि स्प्लाइनला लावायच्या ग्रीसची चिमुकली पुडी. फ्लायव्हील वेगळ्या खोक्यात, आणि वजन असं की ते एका हातानं उचलायच्या भानगडीत पडू नका. कास्टिंग स्वच्छ, दुसरा भाग हातानं फिरवून बघितला तर थोडा मोकळा आणि मग लगेच स्प्रिंगचा घट्ट, सारखा जोर, दोन्हीकडे सेम. सिक्युरिटी लेबल स्कॅन करून बघितलं, खरं निघालं. हे करा, डुप्लिकेट क्लच प्लेटा बाजारात भरपूर आहेत आणि खोकं हुबेहूब असतं.

आणि बोल्ट? नाहीत. इतकं महाग फ्लायव्हील आणि बोल्ट वेगळे मागवा. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, घट्ट करताना ते थोडे ताणले जातात आणि परत वापरले तर पकड राहील याची गॅरंटी नाही, ही गोष्ट किट बनवणाऱ्याला माझ्यापेक्षा चांगली माहितीय. काही पार्ट नंबरमध्ये बोल्ट सोबत येतात, काहींमध्ये नाही, वेबसाइटवर फोटोत दिसत होते खोक्यात नव्हते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला फोटो फक्त समजण्यासाठी असतो. वा! त्यात बोल्ट येईपर्यंत गाडी लिफ्टवर तशीच, गिअरबॉक्स खाली, आणि गॅरेजवाला माझ्याकडे बघतोय. एक स्टार इथंच गेला. इन्स्ट्रक्शनचा कागदपण नुसती चित्रं, त्यात टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचे त्याचा आकडा नाही, तो गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यायचा.

कामाबद्दल. ही गाडी म्हणजे बॅटरी काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, इंजिनला वरून आधार द्या, ड्राइव्ह शाफ्ट ओढा, खालची सबफ्रेम सैल करा, मग गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घ्या. घरी जॅकवर करायचं काम नाही हे, गिअरबॉक्स अंगावर आला तर क्लचचा विषयच संपेल. बिलात मजुरीचा भाग मोठा असतो तो यामुळेच, आणि म्हणूनच गिअरबॉक्स एकदा खाली आला की त्या मागचं जे जे संशयास्पद आहे ते तेव्हाच उरकायचं. रिलीज बेअरिंग तर बदलाच, चांगलं वाटत असलं तरी बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील बघा, ते गळत असेल तर नव्या प्लेटवर तेल जाणार आणि ती पण घसरणार, मग सगळं परत.

जुना माल बाहेर आला तेव्हा मी तिथं होतो, आणि गॅरेजचं कौतुक इथं. त्यांनी सगळं टेबलावर मांडून दाखवलं. प्लेटचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत गेलेलं, एका बाजूला रिव्हेटनं घासायला सुरुवात केलेली. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर बेअरिंगनं घासून चकचकीत खाच पाडलेली. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे-जांभळे डाग आणि केसाइतक्या बारीक भेगा, म्हणजे भरपूर तापलंय. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या आत गोलाकार काळं ग्रीस उडालेलं, ते फ्लायव्हीलच्या पोटातलं. आणि मग मिस्त्रीनं दुसरा भाग दोन बोटांनी फिरवला, तो बराच सैल गेला आणि टोकाला क्लक करून थांबला, उलट फिरवला परत क्लक, तोच माझा ठोका. तरी त्यांनी डायल गेज लावून मोजलं, चार्ट दाखवला, मर्यादेच्या बाहेर. मिस्त्री म्हणाले, "बघा दादा, आम्ही उगाच सांगत नव्हतो." मी म्हटलं, "मामा, म्हणून तर मोजायला लावलं." हसले.

बसवण्यातल्या काही गोष्टी मी बघत उभा राहिलो, त्या तुमच्या गॅरेजमध्येपण होतात का बघा. क्लचची धूळ हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्यानं आणि ब्रेक क्लीनरनं साफ केली, जुन्या अस्तरात काय असेल सांगता येत नाही आणि ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. नव्या फ्लायव्हीलचं आणि प्रेशर प्लेटचं घासायचं तोंड क्लीनरनं पुसलं, तो संरक्षक तेलाचा थर राहिला तर सुरुवातीलाच क्लच थरथरतो. स्प्लाइनला ग्रीस अगदी पातळ, जास्तीचं पुसून टाकलं, कारण जास्तीचं ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जातं. प्लेट सरळ बाजूनं लावली की नाही ते तिच्यावर लिहिलेलं वाचून बघितलं. प्लेट मधोमध बसावी म्हणून सेंटरिंग टूल. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे करत आवळले, एकच बाजू आधी घट्ट केली की कव्हर वाकतं. माझ्या गाडीत सेल्फ अ‍ॅडजस्टिंग, म्हणजे झिजेल तसा स्वतःच जुळवून घेणारा क्लच आहे, त्याला बसवायला वेगळं टूल लागतं, ते त्यांच्याकडे होतं, नसेल तर दुसरं गॅरेज बघा. फ्लायव्हीलचे नवे बोल्ट आधी टॉर्क रेंचनं आवळले आणि मग ठरलेले अंश मोजून पुढे फिरवले. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू दिलं नाही, जॅकनं तोलून सरळ आत सरकवला. शेवटी क्लचची हवा काढली, फ्लुइड नवं भरलं, आणि ड्राइव्ह शाफ्ट काढताना गेलेलं गिअर ऑइल परत लेव्हलला आणलं. हे शेवटचं विसरणारी गॅरेजं आहेत हां, बिलात गिअर ऑइल लिहिलंय का बघा.

गॅरेजची तक्रार एकच, निरोप द्यायची बोंब. गाडी तयार झालीय हे मला मीच जाऊन बघितल्यावर कळलं. काम उत्तम पण फोन म्हणजे शोभेची वस्तू. तरी जुने पार्ट न मागता डिकीत ठेवले होते, बिलात प्रत्येक पार्टचा नंबर होता, त्यामुळे माफ.

आता चालवायला कशी झालीय. पहिल्यांदा क्लच दाबला तर पाय आपोआप खाली गेला इतका हलका, जुन्याची सवय म्हणून मी जरा जोरातच दाबला होता. गाडी उचलते ती पेडलच्या मधल्या टप्प्यात. चाबी बंद केली की इंजिन नुसतं थांबतं, ठोका नाही. आयडलची खडखड गेली, एसी लावल्यावर पण. सगळ्यात मोठा फरक मला कमी आरपीएमला जाणवला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना आधी डॅशबोर्ड थरथरायचा आणि मी तो डॅशबोर्डचाच दोष समजून चाललो होतो, तो थरथराट फ्लायव्हीलचा होता. फक्त क्लच बदलून घेतला असता तर स्लिप गेली असती, पण हे काहीच गेलं नसतं, आणि पुढे परत तीच मजुरी भरून तोच गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला असता. त्यामुळे महाग वाटलं तरी फ्लायव्हीलचे पैसे मला डाचत नाहीत, बोल्टचे डाचतात.

सुरुवातीला मिस्त्रींनी सांगितलं की पहिले पाचेकशे किलोमीटर आरामात चालवा, फुल रेस देऊन उठवू नका, दुसरी गाडी ओढायला नको, चढावर हाफ क्लचवर उभं राहू नका. अस्तर आणि नवा पृष्ठभाग एकमेकांना बसायला तेवढं लागतं. सुरुवातीला रिव्हर्स घेताना थंड गाडीत हलकी थरथर होती, ती चालवत गेलो तशी गेली. वास येतो थोडा, घाबरू नका, पण स्लिप झाली तर लगेच परत न्या.

एक गोष्ट मात्र किटवाले कुणी सांगत नाहीत. फ्लायव्हील का गेलं ते शोधलं नाही तर नवंपण जातं. इंजेक्टर खराब असून आयडल वरखाली होत असेल, बॅटरी मेलेली असून स्टार्टर रडत रडत इंजिन फिरवत असेल, नाहीतर रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून टॉर्क (ओढ) वाढवला असेल, तर मार फ्लायव्हीललाच बसतो. आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो वरच्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमला रेस दाबून गाडी ओढत नेली की, मायलेज मिळतं म्हणून लोक पाचव्यात इंजिन घरघरत नेतात, त्या घरघरीत आतल्या स्प्रिंगा पार दाबल्या जातात. माझ्या गाडीचा एक इंजेक्टर जास्त डिझेल फेकत होता, तो याच कामात दुरुस्त करून घेतला, आयडल आता सरळ आहे.

कोणी घ्यावं? गाडी अजून काही वर्षं वापरायचीय, बॉडी आणि इंजिन चांगलं आहे, तर दोन्ही एकत्र घ्या, मोजल्यावर फ्लायव्हील मर्यादेत असेल आणि तोंडावर भेगा नसतील तर ठेवा, गॅरेजवाला नाही म्हटला तरी चार्ट मागा. गाडी विकायचीच असेल तर एवढा खर्च विकताना वसूल होत नाही, तिथं फक्त क्लच टाका आणि गाडी विकत घेणाऱ्याला तसं सरळ सांगा. वॉरंटी कार्ड वाचा, पार्ट बदलून देतात पण गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी त्यात सहसा नसते. बोल्ट आणि क्लच फ्लुइड पार्टबरोबरच ऑर्डर करा, पार्ट आले का ते खोकं उघडून गाडी लिफ्टवर चढायच्या आधी बघा, आणि मागचं ऑइल सील पण आणून ठेवा, लागलं नाही तर दुकानदार परत घेतो का ते आधीच विचारून ठेवा, माझ्या दुकानदारानं घेतलं.